व्यस्त प्रमाणातली आरोग्यसेवा

विज्ञानाच्या तासाला ‘नियम’ हा शब्द आपण जपून वापरतो. बॉइलचा नियम, ओहमचा नियम, न्यूटनचे नियम. नियम म्हटला की त्यातल्या राशी कोणत्या, त्या मोजायच्या कशा आणि तो कोणत्या परिस्थितीत लागू पडतो, हे सांगावे लागते. ओहमचा नियम लिहिताना ‘तापमान स्थिर असताना’ हे शब्द गाळणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्धा गुण आपण कापतोच.

२७ फेब्रुवारी १९७१ च्या ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एका खेड्यातल्या डॉक्टरांनी असाच एक ‘नियम’ मांडला. लेखाचे नाव होते ‘द इनव्हर्स केअर लॉ’. हे नाव ऐकून भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना ‘इनव्हर्स स्क्वेअर लॉ’, म्हणजे व्यस्त वर्गाचा नियम, आठवेल. लेखात मांडलेला नियम थोडक्यात असा: एखाद्या लोकसमूहाला चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जितकी जास्त, तितकी ती त्याला कमी मिळण्याकडे कल असतो. म्हणजे गरज आणि सेवा यांचे प्रमाण व्यस्त.

गेली पन्नासहून अधिक वर्षे आरोग्यधोरणाच्या चर्चांमध्ये या लेखाचा दाखला दिला जातो. बहुतेक वेळा मात्र त्याचे नाव आणि एवढे एक वाक्य घेऊनच लोक पुढे जातात. आम्ही वैद्यकीय डॉक्टर नाही, प्रयोगशाळेत काम करणारे संशोधक आहोत. त्यामुळे एक दावा आणि त्याचा पुरावा या नजरेनेच आम्ही हा लेख वाचला. त्यात काय टिकते, काय टिकत नाही आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल, ते इथे मांडतो आहोत.

खाणीच्या गावातले डॉक्टर

लेखकाचे नाव ज्युलियन ट्यूडर हार्ट (१९२७–२०१८). सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे रिचर्ड डॉल आणि वेल्समध्ये खाणकामगारांच्या आजारांचा अभ्यास करणारे आर्ची कॉक्रन या दोन नामवंत साथरोगशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी काम केले होते. १९६१ मध्ये ते दक्षिण वेल्समधल्या ग्लिनकॉरग या कोळसाखाणीच्या गावात दवाखाना चालवायला गेले आणि सुमारे पाव शतक तिथेच राहिले. गाव जेमतेम दोन हजार वस्तीचे.

त्या वेळी ब्रिटनमधली व्यवस्था कशी होती, हे आधी पाहू. १९११ च्या कायद्याने तिथे कामगारांसाठी आरोग्यविमा आला, पण त्यात कामगारांच्या बायका आणि मुले नव्हती. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि चित्र बदलले. ती उभी करणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन स्वतः दक्षिण वेल्समधल्या ट्रेडीगरचे, लहानपणी खाणीत काम केलेले. त्यांच्या गावात खाणकामगारांनी वर्गणी काढून चालवलेली वैद्यकीय मदत संस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होती. नव्या व्यवस्थेत सेवेचा खर्च सरकारी तिजोरीतून होणार होता आणि डॉक्टरांकडे जाताना कोणालाही फी द्यावी लागणार नव्हती. पुढे औषधाच्या चिठ्ठीवर थोडा आकार बसला, पण डॉक्टरांची भेट फुकटच राहिली.

म्हणजे हार्ट यांनी नियम मांडला तेव्हा त्यांच्या देशात डॉक्टरांची फी शून्य होऊन तेवीस वर्षे झाली होती. लेख वाचताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवायला हवी.

लेखात काय आहे?

हार्ट म्हणतात, ज्या भागांत आजार आणि मृत्यू सर्वांत जास्त, तिथल्या कुटुंबवैद्यांच्या यादीवर माणसे जास्त असतात. कामाचा रेटा जास्त आणि रुग्णालयाची साथ कमी. रुग्णाला दोन मिनिटांत वाटेला लावण्याची जुनी सवय अशा दवाखान्यांना वारशाने मिळालेली असते. त्याच भागातल्या रुग्णालयांत इमारती जुन्या, माणसे आणि उपकरणे अपुरी आणि खाटांची चणचण नेहमीची. निरोगी, सुखवस्तू भागात याच्या उलट.

यानंतर नियमाचा दुसरा भाग येतो, आणि अनेकदा गाळला जातो तो हाच. हार्ट यांच्या मते, वैद्यकीय सेवा बाजाराच्या हाती जितकी जास्त, तितका हा नियम अधिक पूर्णपणे लागू होतो. बाजाराचा प्रभाव घटला की नियमाचा जोरही घटतो. त्या काळात ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेत खाजगी विम्याला जास्त वाव द्यावा, असा विचार जोर धरत होता. हार्ट यांचा लेख त्याला दिलेले उत्तरही होता.

पहिली शंका: हा खरोखर ‘नियम’ आहे का?

ग्रहाला सूर्याभोवती कसे फिरायचे हे ठरवता येत नाही. दवाखाना कुठे काढायचा, नवा डॉक्टर कुठे नेमायचा, करातून आलेले पैसे कोणत्या जिल्ह्याला द्यायचे, हे मात्र माणसे ठरवतात. त्यामुळे ‘नियम’ हा शब्द इथे धोक्याचा आहे. तो ऐकून ‘हे असेच चालायचे’ असा समज होऊ शकतो, आणि हार्ट यांना नेमके त्याच्या उलट म्हणायचे होते.

आम्हाला इथे पाण्याचा दाखला जवळचा वाटतो. पाणी उताराकडे वाहते हे खरे. म्हणून ते वर चढवताच येत नाही असे नाही. पंप लागतो, पंपाला ऊर्जा लागते आणि पंप बंद झाला की पाणी पुन्हा उताराला लागते. डॉक्टर, औषधे आणि यंत्रे जिथे पैसा आहे तिकडे वाहत जातात. त्यांना गरजेकडे वळवायचे तर सतत काम करणारी सार्वजनिक व्यवस्था लागते. हार्ट यांच्या नियमाचा दुसरा भाग हेच सांगतो. ओहमच्या नियमात तापमानाची अट आहे, तशी इथे बाजाराची. ती गाळून पहिलेच वाक्य घोकणाऱ्यांचाही अर्धा गुण कापायला हरकत नाही.

दुसरी शंका: ‘गरज’ मोजायची कशी?

व्यस्त प्रमाण म्हटले की दोन्ही राशी मोजता आल्या पाहिजेत. डॉक्टर, खाटा, परिचारिका यांची मोजणी होऊ शकते. गरज मोजायची कशी? दवाखान्याच्या वहीत दिसते ती मागणी. जे आले त्यांचीच तिथे नोंद होते. जे दूर राहतात, ज्यांचा दिवसाचा रोजगार बुडतो, ज्यांना आपल्याला आजार आहे हेच माहीत नाही, ते वहीत येत नाहीत.

हार्ट यांच्या लेखातली ही उणीव आहे. त्यांचा भर मुख्यतः मृत्यूच्या आकड्यांवर आहे. मृत्यू मोजता येतो, म्हणून तो सोयीचा. पुढे १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये आरोग्यखात्याचा पैसा निरनिराळ्या भागांत कसा वाटावा हे ठरवणाऱ्या कार्यगटानेही मृत्यूचे प्रमाण हीच गरजेची खूण धरली. आधीच्या वर्षी जेवढे मिळाले त्यात थोडी भर, या जुन्या रिवाजापेक्षा हे कितीतरी चांगले होते. पण मोतीबिंदूने, कंबरदुखीने किंवा पांडुरोगाने माणूस सहसा मरत नाही. मृत्यूच्या तक्त्यात ही दुखणी दिसत नाहीत.

स्वतःच्या दवाखान्यात मात्र हार्ट यांनी या प्रश्नाला हात घातला होता. १९६८ च्या सुमारास त्यांनी गावातल्या सर्व प्रौढांचा रक्तदाब मोजायला घेतला. कोणी खोकल्यासाठी आला तरी त्याचा रक्तदाब मोजायचा. जे कधी फिरकतच नाहीत, त्यांच्यापर्यंत आपण पोचायचे. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही. त्यामुळे त्याची गरज असते, पण मागणी नसते. त्या काळच्या पाहण्यांत एक ढोबळ ‘अर्ध्याचा नियम’ दिसला होता. उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी निम्म्यांनाच तो आहे हे माहीत असते, त्यांतल्या निम्म्यांवरच उपचार होतात आणि उपचार होणाऱ्यांपैकी निम्म्यांचाच रक्तदाब आटोक्यात असतो. गणिताच्या शिक्षकांनी हा गुणाकार वर्गात जरूर करून घ्यावा. उत्तर येते एक अष्टमांश. दारात येईल त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना उरलेल्या सात भागांतले बरेच लोक दिसतच नाहीत.

तिसरी शंका: जास्त सेवा दिली तर खरेच फरक पडतो का?

हार्ट यांच्या १९७१ च्या लेखातला पुरावा मुख्यतः निरनिराळ्या प्रदेशांच्या तुलनेचा आहे. इथे मृत्यू जास्त आणि सेवा कमी, तिथे मृत्यू कमी आणि सेवा जास्त. एवढ्यावरून सेवा वाढवली तर मृत्यू घटतील, हे सिद्ध होत नाही. हार्ट स्वतः मान्य करतात की माणसाचे आरोग्य मुख्यतः अन्न, घर, कामाची जागा आणि शिक्षण यांवर ठरते. वैद्यकीय सेवेचा वाटा त्यानंतरचा. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्लॅक समितीच्या अहवालाने यावर शिक्कामोर्तबच केले. मोफत सेवा सुरू होऊन तीन दशके उलटल्यावरही अकुशल कामगारांच्या गटात निवृत्तीच्या वयाआधी मरण येण्याची शक्यता उच्चशिक्षित व्यावसायिकांच्या तुलनेत सुमारे अडीच पट होती.

मग डॉक्टरांची वाटणी नीट करून काय साधणार? याचे उत्तर १९७१ च्या लेखात नाही. ते वीस वर्षांनी, १९९१ मध्ये, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. ग्लिनकॉरगमध्ये पंचवीस वर्षे आजार शोधून काढण्याचे आणि पाठपुराव्याचे काम झाल्यावर हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांखालील मृत्यूंची तुलना शेजारच्या, तशाच गरीब गावाशी केली. ग्लिनकॉरगमधले प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले.

हा आकडाही आपण डोळे झाकून घेऊ नये. गावे दोनच, तीही लहान. कोणत्या गावात शोधमोहीम करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. गावांमधला दुसरा एखादा फरकही यात मिसळलेला असू शकतो. तरीही खाणी बंद पडत असलेल्या, बेकारी वाढत असलेल्या गावात असा फरक दिसावा, ही किरकोळ गोष्ट नाही. मूळ लेखातल्या प्रश्नाला हार्ट यांनी वादविवादाने उत्तर न देता पंचवीस वर्षांच्या नोंदींनी दिले, याचे आम्हाला संशोधक म्हणून विशेष वाटते.

आपल्याकडे हा नियम

भारतात हा विचार ब्रिटनकडून उसना घ्यायची गरज नाही. राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपला अहवाल दिला होता. कामगारनेते ना. म. जोशी या समितीचे सदस्य होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा उपचारांपासून वंचित राहता कामा नये, हे समितीचे पहिले तत्त्व. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना तिथूनच आपल्याकडे रुजली.

आज हे तत्त्व किती पाळले जाते, हे सांगण्यासाठी एक आकडा नेहमी दिला जातो. राष्ट्रीय आरोग्य हिशेबांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ६४ टक्के खर्च लोकांच्या खिशातून होत होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवर आले. आकडा उतरला ही चांगलीच गोष्ट आहे. पण हार्ट यांचा लेख वाचल्यावर आम्हाला एक प्रश्न पडतो. ज्या बाईने दुखणे अंगावर काढले, डॉक्टरांकडे गेलीच नाही, तिचा खिशातला खर्च किती? शून्य. आणि जिला सरकारी रुग्णालयात उत्तम उपचार फुकट मिळाले, तिचा? तोही शून्य. या आकड्यात दोघी सारख्याच दिसतात. हा आकडा चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. खर्च मोजला म्हणजे सेवा मोजली असे होत नाही, एवढेच.

गणितात आपण आवश्यक अट आणि पुरेशी अट यांतला भेद शिकवतो. तोच इथे लागू पडतो. उपचार परवडणे ही सेवा मिळण्याची आवश्यक अट आहे. ती पुरेशी नाही, हे फी शून्य असलेल्या वेल्सने दाखवून दिले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ज्याला शस्त्रक्रियेसाठी शेत विकावे लागले असते, त्याला याचे मोल कळते. पण या योजनेत दाखल न होता घेतलेले उपचार, म्हणजे रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या किंवा साधी तपासणी, येत नाहीत. शिवाय कार्ड घेऊन जायचे तर जवळपास रुग्णालय असावे लागते, आणि विमा रुग्णालयाची जागा ठरवत नाही.

न दिसणारी गरज कशी दिसू लागते, याचे उदाहरण आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. अशी तपासणी आधी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्याच्या वह्यांवरून पाहिले असते, तर या गावांत स्त्रीरोग जवळजवळ नाहीतच असा निष्कर्ष निघाला असता.

पुढे डॉ. अभय बंग यांच्यासह ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवला आणि गावातल्याच स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर दर हजार जन्मांमागे ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. रुग्णालय गावात आले नव्हते, तरी चांगली सेवा घरापर्यंत पोचली होती.

२००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या आणि २०११ पासून नवजात बाळाच्या गृहभेटी देशभर त्यांच्या कामाचा भाग झाल्या. पाण्याचा दाखला पुढे न्यायचा तर हा आपला पंप. पण त्याला ऊर्जा किती देतो आहोत? आशांना पगार नाही. कामागणिक मोबदला आणि वर थोडे मानधन मिळते. २०२१ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना त्यासाठी संपावर जावे लागले. ज्यांच्या पायांवर ही सेवा गरजेपर्यंत चालत जाते, त्यांचाच हिशेब सर्वांत शेवटी होतो. हार्ट यांच्या लेखात डॉक्टरांचा विचार पुष्कळ आहे, अशा कार्यकर्त्यांचा जवळपास नाही. आपल्या देशात तो लेख वाचताना ही भर आपणच घालायची आहे.

वर्गात करून पाहा

हा नियम विद्यार्थ्यांनी पाठ करू नये, तपासून पाहावा. नववी ते बारावीच्या मुलांना हे सहज जमेल. आपल्या परिसराचा नकाशा घ्या. त्यावर उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, खाजगी दवाखाने आणि औषधाची दुकाने मांडा. सरकारी निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असावे. ते आहे का पाहा. इमारत आहे की तिथे माणूसही असतो, हेही पाहा.

मग प्रत्येक वाडी-वस्तीवरून डॉक्टरांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, एसटीच्या किती फेऱ्या आहेत, भाडे किती पडते आणि रोजगार किती बुडतो, ते लिहा. ही झाली एक राशी. दुसरी राशी गरजेची. त्यासाठी पाच वर्षांखालील मुले आणि साठीच्या पुढची माणसे यांची दर शंभरी संख्या घेता येईल. आजारपणामुळे शाळा किती दिवस बुडते, ही नोंद तर आपल्या हजेरीपटावरच मिळेल. कोणाच्या घरात कोणता आजार आहे हे मात्र विचारू नये. तो त्या घराचा खाजगी प्रश्न आहे आणि या प्रयोगाला त्याची गरजही नाही.

आलेख काढल्यावर चर्चा करा. ठिपके खरोखर उताराला लागतात का? एखादी वस्ती रेषेपासून दूर असेल तर का? तिथे एखादी कामसू आशाताई आहे का, की नोंदच अपुरी आहे? दहा-बारा ठिपक्यांवरून किती ठामपणे बोलता येईल? आणि गरजेची जी खूण आपण निवडली, ती बदलली तर आलेख बदलतो का? या शेवटच्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे आम्ही सुचवू. मुलांचा आलेख ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत मांडता आला तर उत्तमच. निघालेले निष्कर्ष, विशेषतः हार्ट यांच्या नियमात न बसणारे, आम्हाला जरूर कळवा.